खांबावरची मेंदी

गुलबक्षी सोसायटी, हडपसर
४ फेब्रुवारी २०२५

मा. अभियंता, वीज कंपनी, हडपसर, यांस,

तुमचं नाव मला माहीत नाही. तक्रारीच्या नंबरवर फोन केला, तर एक यंत्र मला एक दाबा, दोन दाबा असं सांगत राहिलं. मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून उभी हयात नोकरी केली आहे. पलीकडे माणूस नसेल तर मी फोनवर बोलत नाही. म्हणून पत्र.

तक्रार वीज गेल्याची नाही. ती जाते, येते. तिचं माहेर कुठलं आणि सासर कुठलं हे आम्ही विचारणं सोडून दिलं आहे. तक्रार तुमच्या वायरमनची आहे. आज सकाळी आमच्या गेटसमोरच्या खांबावर एक किरकोळ अंगाचा माणूस चढला होता. पायात सपाता, डोक्यावर काही नाही, हात उघडे, दातांत पकड. मी दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत चहा घेत होते, म्हणजे आम्ही जवळजवळ समोरासमोर. मी विचारलं, तुमचे हातमोजे कुठे आहेत? त्याने दातांतली पकड काढली आणि अतिशय नम्रपणे सांगितलं, "खाली आहेत जी, आजी. पिशवीत."

खाली उभा असलेला मिशीवाला यावर हसला आणि म्हणाला, "त्याला मेंदी नको असती, आजी." मला वाक्य कळलं नाही, हसणं कळलं.

विजेचा धक्का पिशवीला बसणार असेल, तर तुमची व्यवस्था उत्तम आहे. तसं नसेल तर उत्तर पाठवा. छापील नको.

दीपमाला रणपिसे

•

हडपसर
१३ फेब्रुवारी २०२५

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, या कार्यालयांतर्गत काम करणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना सुरक्षा साधने पुरविण्यात आलेली असून, त्यांचा वापर करणेबाबत वेळोवेळी सूचना देण्यात येतात. सबब, आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

राजनंदिनी घुले
सहायक अभियंता

ता. क. वरचा मजकूर ऑफिसचा आहे, तो असाच लिहावा लागतो. तुम्ही छापील नको म्हणालात म्हणून हे हाताने लिहितेय. मी इथे नवीन आहे. घर जवळच मांजरी गावात, तिथूनच येऊन-जाऊन करते. तुम्ही पाहिलेला माणूस दत्तप्रसाद. वाशीमकडचा आहे, कंत्राटी आहे, आणि कामाला चांगला आहे. मिशीवाला शंभू, त्यांच्या गँगचा मुकादम. आमच्याकडे खांबावर कोणी हातमोजे घातले की बाकीचे खालून ओरडतात, "काय नवरीबाई, मेंदी लावलीय का?" मेंदी लागलेल्या नवरीला कोणी कामाला हात लावू देत नाही ना, तसं. मोजेवाला म्हणजे कामचुकार. हा शब्द शंभूने काढलेला. माझ्या सूचना मी रोज सकाळी देते. ते रोज "हो मॅडम" म्हणतात.

•

गुलबक्षी सोसायटी
१७ फेब्रुवारी २०२५

राजनंदिनी,

वरच्या मजकुराला उत्तर देत नाही, कारण तो तू लिहिलेला नाहीस. ता. क. ला देते. 'तू' म्हणते आहे, रागवू नकोस. मला मॅडम म्हणू नकोस, ताई म्हण. आजी म्हणायचा हक्क त्या दत्तप्रसादने मला न विचारता घेतलाच आहे.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वर्गात शिरण्याआधी सिस्टर फिलोमिना दारात उभ्या राहायच्या. आम्ही दोन्ही हात पुढे करायचे. आधी पालथे, मग उलथे. नखात मळ दिसला की परत फिरायचं. सूचना वगैरे काही नाही. हात दाखवा, आत जा. तू सूचना देणं बंद कर आणि हात बघ.

आणि एक काम कर. ते मोजे का घालत नाहीत, हे त्यांना कोणी विचारलं आहे का? मेंदीची थट्टा हे कारण झालं, पण तेवढंच असेल असं मला वाटत नाही. माणूस थट्टेमागे दुसरं काहीतरी झाकतो. ट्रंक लाइनवर दोन्ही बाजूंचं ऐकू यायचं, त्यामुळे हे मला ठाऊक आहे. (ऐकायची परवानगी नव्हती, हेही ठाऊक आहे.)

दीपमालाताई

•

हडपसर
६ मार्च २०२५

दीपमालाताई,

हात बघायला सुरुवात केली. ऑफिसच्या दारात सगळे मोजे घालून हात पुढे करतात आणि गाडीत बसल्याबरोबर काढतात. शंभू म्हणाला, "ऑफिसात मेंदी, खांबावर हात." सगळे हसले. मलाही हसू आलं, मग स्वतःचाच राग आला.

पण तुम्ही म्हणालात तसं विचारलं. एकेकट्याला गाठून विचारलं, चौघांत खरं बोलत नाहीत. दत्तप्रसाद म्हणाला, मोजे शंभूच्या पंजाच्या मापाचे येतात. त्याचा हात लहान. बोटांच्या टोकाला दोन बोटं रबर नुसतं लोंबतं, नट धरायला गेलं की नट निसटतो, नट खाली पडला की खाली उतरायचं, आणि खाली शंभू. त्यापेक्षा उघडा हात बरा. आणि तार मेलेली असते, मेलेल्या तारेला कसली भीती, असंही म्हणाला. बंद केलेल्या तारेला ते मेलेली म्हणतात.

त्याच्या घरी बायको आहे आणि आता पहिलं मूल व्हायचं आहे. हे त्याने सांगितलं नाही, दुसऱ्याने सांगितलं.

अजून एक लिहायचं होतं. लिहू का नको, असं झालं होतं. मी त्याला म्हटलं, त्या सोसायटीतल्या आजींनी तुझ्याबद्दल पत्र लिहिलंय, निदान त्यांच्यासाठी तरी घाल. तो म्हणाला, "त्या आजी का मॅडम? त्या तर मगरपट्ट्याच्या सिग्नलला स्कूटीवर भेटतात मले. डोक्यावर काहीच नसते त्याहीच्या."

राजनंदिनी

•

गुलबक्षी सोसायटी
९ मार्च २०२५

राजनंदिनी,

माप आधी घेते, डोकं नंतर.

बांगडीला माप असतं. तुळशीबागेतला कासार हात दाबून पाहतो आणि न विचारता सांगतो, दोन-सहा की दोन-आठ. काचेच्या बांगडीसाठी एवढी काळजी, आणि जिच्यावर जीव अवलंबून आहे त्या वस्तूला एकच माप? हे तुझ्या वरिष्ठांना माझ्या नावाने कळव. सगळ्यांच्या पंजांची मापं घे आणि मागणी कर. ती फाइल कोणी दाबून ठेवली तर मला सांग. मी तिथे येऊन बसेन. मला आता दुसरं काम नाही.

आता डोकं. पुण्यात हेल्मेटच्या सक्तीला ज्यांनी विरोध केला, त्यांत मी होते आणि आहे. माझं डोकं माझं आहे. मी वीसच्या वर वेग नेत नाही. सायकलवाले मला मागे टाकतात आणि मागे वळून बघतात. त्या माणसाच्या खांबाची आणि माझ्या स्कूटीची तुलना होऊच शकत नाही. त्याला हे सांग.

सांगू नकोस. हे लिहून झाल्यावर मी परत वाचलं. 'मला काही होत नाही', हेच मी चार ओळींत म्हटलं आहे. तोही तेच म्हणतो, फक्त थोडक्यात.

शिवाय मगरपट्ट्याच्या सिग्नलला मला ओळखणारा माणूस माझ्यावर लक्ष ठेवतो आहे, हे मला अजिबात आवडलेलं नाही. त्याला विचार, त्याच्या मापाचे मोजे आले आणि मी हेल्मेट घातलं, तर तो मोजे घालेल का. प्रत्येक खांबावर. शंभू खाली असतानाही.

दीपमालाताई

•

हडपसर
२९ मार्च २०२५

दीपमालाताई,

मोजे आले. माप लावून मागणी करणारा आमचाच उपविभाग पहिला असावा, कारण वरून मला दोनदा फोन आला की हे 'लहान' म्हणजे काय? मी म्हटलं, लहान म्हणजे लहान.

दत्तप्रसादने सोबतची चिठ्ठी दिली आहे. गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहिली.

राजनंदिनी

(चिठ्ठी)

आजी, नमस्कार. मोजे बरोबर बसले. नट सापडतो. तुम्ही टोप घाला, मी मोजे घालतो. पन् सिग्नलला मी पाहीन. टोप हँडलला टांगून नाही चालत. बरेच जन टांगतात. पिशवीतल्या मोज्यावानीच ते. – दत्तप्रसाद

•

गुलबक्षी सोसायटी
३ एप्रिल २०२५

राजनंदिनी,

हेल्मेट घेतलं. दुकानदाराने पांढरं, काळं, लाल असं दाखवलं आणि विचारलं, नातवासाठी का? मी म्हटलं, माझ्यासाठी, आणि माप मोठं द्या. पण मोठ्यातही बसेना. माझा अंबाडा मध्ये येतो. लग्नाच्या आधीपासून मी अंबाडा घालते. हेल्मेटवाल्यांनी दाढी-मिशीचा विचार केला असेल, अंबाड्याचा केलेला नाही. तेव्हा दत्तप्रसादच्या बोटांपुढे लोंबणारं रबर मला आता नीट समजलं आहे. वस्तू चांगली असते, पण ती आपल्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेली नसते.

सकाळी आरशासमोर अंबाडा सोडला आणि वेणी घातली. सोसायटीचे सेक्रेटरी अभय खाली भेटले. "काय रणपिसेबाई, चंद्रावर निघालात का?" मी म्हटलं, "हो. तिथे मेंटेनन्स मागायला कोणी येत नाही."

सिग्नलला दत्तप्रसाद नव्हता. दिसला नाही तरी मी घालणार आहे. त्यालाही हे कळव.

दीपमालाताई

•

गुलबक्षी सोसायटी
२८ एप्रिल २०२५

राजनंदिनी,

माझ्या मागच्या पत्राला उत्तर नाही. त्यात कोणाला लागेल असं काही होतं का, हे मी आठवून पाहिलं. माझ्या बोलण्यात ते बहुतेक वेळा असतं, पण या वेळी सापडलं नाही. तू कामात असशील. उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी चालू आणि तुमची धावपळ. वीज तर आमच्याकडेही जाते.

१७ तारखेला संध्याकाळी गेली, ती रात्रीपर्यंत आली नाही. आमचा जुना जनरेटर मोडून पडला आहे, म्हणून अभयने भाड्याचा आणवला. गेटपाशी लावला आणि लिफ्ट लगेच सुरू झाली. मुलं नेहमीसारखी "आली, आली" म्हणून ओरडली. मी मंडईतून आंबे आणून खाली पेटीवर बसून राहिले होते, तर मलाही बरं वाटलं. पण कौतुक फार टिकलं नाही. जनरेटरने दोन उचक्या दिल्या आणि बंद पडला. आंबे शेवटी जिन्यानेच चढले.

दत्तप्रसाद बऱ्याच दिवसांत सिग्नलला दिसला नाही. मोजे घालतो ना?

दीपमालाताई

•

हडपसर
५ मे २०२५

दीपमालाताई,

तुम्ही काही लावून बोलला नाहीत. मीच लिहू शकत नव्हते. चौकशी चालू होती आणि मला दोनदा जबाब द्यावा लागला.

दत्तप्रसाद सुखरूप आहे, हे आधी लिहिते.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तार तुटली होती. शंभूने डीपीतले फ्यूज काढले आणि स्वतःच्या पिशवीत टाकले. टेस्टर लावून पाहिलं, तार मेलेली. दत्तप्रसाद चढला. मोजे घातलेले होते. शंभू खालून म्हणालाच, "मेलेल्या तारेला मेंदी लावतोय बघा." दत्तप्रसादने ऐकून सोडून दिलं. तुटलेली टोकं त्याने दोन्ही हातांत धरली होती, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या भुर्जीच्या गाडीवरचा दिवा लागला. रस्त्यावरचे लोक ओरडले, "आली!"

शंभू मला नंतर सांगत होता. त्याला सांगता येत नव्हतं. "मॅडम, फ्यूज माझ्या पिशवीत हायेत, अन् लाइट आली कुठनं?" तेवढंच परत परत. त्याला वर बघायचं धाडस होईना. लोक खूश होऊन ओरडत होते आणि तो एकटा मान खाली घालून उभा होता.

वर ठिणगी उडाली. पकड खाली पडली. मग दिवा विझला आणि दत्तप्रसाद आपल्या पायांनी खाली उतरला. फुटपाथवर बसला. शंभूने त्याच्या हातांतले मोजे ओढून काढले आणि त्याचे हात उलटेपालटे करून बघत राहिला. डाव्या मोज्यावर एक काळा डाग आहे. हातावर काही नाही.

एका सोसायटीने जनरेटर लावला होता. बाहेरची लाइन तोडणारा मेन स्विचचा दांडा खाली न ओढता त्याची वायर सरळ बोर्डात दिली होती. तिथून वीज उलटी तारेत आली. दोन क्षणांत जनरेटरवर भार पडून तो बंद झाला, पण उघड्या हातांना तेवढे पुरले असते. तारांवर वीज जमिनीत उतरवणारी साखळी टाकायला हवी होती, तीही टाकलेली नव्हती. ती जबाबदारी आमची, मी तसं लिहून दिलं आहे. आता टाकतात.

दत्तप्रसाद दोन आठवडे गावी जाऊन आला. मुलगी झाली.

राजनंदिनी

•

गुलबक्षी सोसायटी
१२ मे २०२५

राजनंदिनी,

'एका सोसायटीने.' तुझ्या आधीच्या सगळ्या पत्रांत माणसांची नावं आहेत, गावांची आहेत, सिग्नलचंही आहे. इथेच तेवढं नाही. ट्रंक लाइनवर माणूस ज्या नावापाशी थांबतो, तेच नाव खरं असतं.

त्या दिवशी दोन उचक्या देऊन बंद पडलेला जनरेटर आमचा होता. मी आंब्यांच्या पेटीवर बसले होते. 'आली' म्हणून बरं वाटलेल्यांत मी होते. तू हे मला सांगितलं नाहीस, ते मला दुखवायचं नव्हतं म्हणून. तुझे आभार, पण पुन्हा असं करू नकोस.

पत्र वाचून मी तशीच खाली गेले. अभयला विचारलं, दांडा खाली ओढला होता का? ते म्हणाले, अहो, पाच मिनिटांचा प्रश्न होता, त्यासाठी कशाला एवढं? तुमच्या ऑफिसची नोटीस त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली होती. सोसायटीत कोणालाही सांगितलेलं नाही.

रविवारी सभा झाली. तिथे मी काय बोलले ते लिहीत नाही, काही शब्द मराठीत नव्हते. त्यातला एवढाच भाग तुला सांगते. मी उभी राहिले आणि विचारलं, त्या संध्याकाळी 'आली' म्हणून कोण कोण ओरडलं? मुलांनी हात वर केले. मोठ्यांनी नाही. मग मी माझा केला. आणि खांबावर त्या वेळी कोण होतं, त्याच्या हातांत काय होतं, ते सांगितलं. सभेत बराच वेळ कोणी बोललं नाही. आमच्या सभेत हे प्रथमच घडलं.

तो बोर्ड जनरेटरच्या खोलीत आहे; तिची किल्ली आता माझ्याकडे आहे. अभयने ती स्वतः आणून दिली. चंद्राविषयी काही बोलले नाहीत.

दत्तप्रसादला सांग, मुलीचं अभिनंदन. आणि मला तो मोजा बघायचा आहे.

दीपमालाताई

•

हडपसर
१९ मे २०२५

दीपमालाताई,

मोजा देता येणार नाही. दत्तप्रसादच्या बायकोने तो घरी देव्हाऱ्याखाली ठेवलाय. मी म्हटलं, तसा डाग पडलेला मोजा वापरायचा नसतोच, ठेवू दे. नवीन जोड दिला आहे. लहान मापाचाच.

शंभूबद्दल लिहायचं राहिलं. तो आता थट्टा करत नाही. पण खांबाच्या बुंध्याशी उभा राहतो, आणि चढणाऱ्याने दोन्ही हात दाखवल्याशिवाय शिडीची वाट सोडत नाही. आधी पालथे, मग उलथे. हे मी त्याला शिकवलेलं नाही. दत्तप्रसादने तुमच्या सिस्टरची गोष्ट माझ्याकडून ऐकली होती, त्याने सांगितली असेल. फक्त शंभू 'हात दाखव' म्हणत नाही.

येत्या गुरुवारी तुमच्या गेटसमोरची तार बदलायची आहे. सकाळी वीज बंद राहील. शंभू काय म्हणतो, ते तुम्हीच ऐका.

राजनंदिनी

•

गुलबक्षी सोसायटी
२२ मे २०२५

राजनंदिनी,

ऐकलं.

सकाळी वीज गेल्याबरोबर मी खाली गेले, जनरेटरच्या खोलीला कुलूप आहे हे ओढून पाहिलं, आणि दारासमोर खुर्ची टाकून बसले. वरून दोघा-तिघांनी विचारलं, लिफ्ट कधी? मी सांगितलं, तो माणूस खाली उतरला की. एकाने विचारलं, कोणता माणूस? मग त्यानेच खिडकीतून पाहिलं आणि परत विचारलं नाही.

दत्तप्रसाद खांबाशी आला. पायांत बूट, डोक्यावर पिवळा टोप, कमरेला पट्टा. मला पाहून हसला. शंभू शिडी अडवून उभा होता. त्याने गंभीरपणे म्हटलं, "मेंदी दाखव."

दत्तप्रसादने हात दाखवले. पालथे, उलथे. कोणी हसलं नाही. मला वाटलं, आता तो चढेल. पण शंभूने वाट सोडली नाही. मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी, तुमची?"

मी मूठ उघडून किल्ली दाखवली. मग त्याने वाट सोडली.

काम दुपारपर्यंत चाललं. मी पूर्ण वेळ बसून होते, पाठ धरली आहे. लाइट आली तेव्हा वरच्या खिडक्यांतून नेहमीचं ओरडणं होईल म्हणून मी वाट पाहत होते. झालं नाही. मुलं गॅलरीत येऊन उभी होती. त्यांनी आधी खांबाकडे पाहिलं. खांब रिकामा होता, दत्तप्रसाद शंभूशेजारी उभा राहून पाणी पीत होता.

मग ओरडली.

दीपमालाताई